आयसीएफ डबे आखूड करू नका

शेल्फ लहान आहे म्हणून मॉडेल रेल्वेत कोकणकन्येचे जुने निळे डबे थोडे आखूड केले तर चालतील का, असं एकाने विचारलंय. माझं मत, नको. आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा जुना प्रकार) सुमारे २१.३ मीटर, म्हणजे १:८७ या मॉडेलच्या प्रमाणात २४५ मिलिमीटर. तो कापला की खिडक्यांची लय बिघडते, डबा ओळखूच येत नाही. त्यापेक्षा डबेच कमी जोडा.

बाजारातला १६.५ मिलिमीटरचा मॉडेल रूळ १४३५ मिलिमीटरच्या गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर); आपला १६७६ चा ब्रॉडगेज त्या प्रमाणात १९.३ होतो. गाडी चालवायची असेल तर हा फरक पत्करावा.

आणि डब्याच्या टोकांना बाजूचे बफर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गोल तबकड्या, लावाच! एलएचबीला, म्हणजे नव्या जर्मन धर्तीच्या डब्यांना, ते नसतात; जुन्या गाडीची खरी ओळख तीच. छतावरचे व्हेंटिलेटरही हवेत. रत्नागिरीच्या पादचारी पुलावरून आधी तेच दिसायचे.