आदामाचं पाप माझ्या माथी का?

जिज्ञासू: बायबलमध्ये रोम ५:१२ म्हणतं, एका माणसामुळे, म्हणजे पहिला माणूस आदाम याच्यामुळे, पाप जगात आलं. यहेज्केल १८:२० म्हणतं, बापाच्या दुष्कर्माचा भार मुलावर नाही. मग जबाबदारी कुणाची? आणि मृतदेहाचं दहन केल्यास पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, कसं?

वसईकर: दोष आणि अवस्था वेगळ्या धरा. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ४०५व्या परिच्छेदात स्पष्ट आहे: मूळ पाप (आदामापासून चालत आलेलं) हा वंशजांचा वैयक्तिक अपराध नव्हे. स्वभाव दुबळा झाला, पापाकडे ओढ लागली, पण पूर्ण भ्रष्ट नाही. हिशेब ज्याच्या त्याच्या कृत्यांचा (२ करिंथ ५:१०).

पारायणी: हे सर्वच पंथांचं मत समजू नका. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत आदामाचा दोषही वंशजांकडे येतो. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी मृत्यूचा वारसा मानतात, दोषाचा नाही. उलट टोकाला ख्रिस्ती शिक्षक पेलाजियस: माणूस देवाच्या कृपेविना निष्पाप जगू शकतो म्हणे! ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ते फेटाळलं.

वसईकर: दहनाचं राहिलंच. १९६३ पासून कॅथलिकांना परवानगी आहे, पुनरुत्थान नाकारण्यासाठी केलेलं नसेल तर. व्हॅटिकनच्या २०१६च्या सूचनेनुसार राख विखरायची नाही, नदीत सोडायची नाही. दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवायची. इथे नातेवाइकांची गडबड होते, धर्मगुरूंना आधी विचारा.

पारायणी: १ करिंथ १५:४२-४४ वाचा. पेरलं जातं ते नाशवंत, उठतं ते अविनाशी. तेव्हा अणुरेणू गोळा करण्याची चिंता नको.