को-एड फ्रॅटर्निटीत मुलींनाही 'ब्रदर' का म्हणतात?

रानवाट: धाकटी बहीण अमेरिकेत अल्फा फाय ओमेगात जातेय. ही मुलं-मुली दोघांना घेणारी (को-एड) फ्रॅटर्निटी, म्हणजे कॉलेजातली विद्यार्थी-संघटना. तिथे मुलीही 'ब्रदर'. काहींना हा मान वाटतो, काहींना खटकतं. बदल हवा असेल तर सुरुवात कुठून करायची?

शाईपेन: 'फ्रॅटर' म्हणजे लॅटिनमध्ये भाऊ. ही संस्था १९२५ साली पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात पुरुषांसाठी निघाली आणि १९७६ मध्ये स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळालं. त्याआधी अनेक पुरुष-फ्रॅटर्निटींना 'लिटल सिस्टर' गट जोडलेले असत. कामं करायची, पण मत नाही. त्यामुळे 'सिस्टर' म्हटलं की अर्धं सभासदत्व, असा अर्थ चिकटला होता. 'आम्हालाही ब्रदरच म्हणा' या आग्रहामागे हे कारण आहे. ते हसण्यावारी नेऊ नका.

ओसरी: तरी खटकणाऱ्यांचंही खरं आहे. पुल्लिंगी शब्द ऐकला की डोळ्यांपुढे आधी पुरुषच येतो. मराठीत मुलगे आणि मुली मिळून 'मुलं' होतात आणि 'ती आली' हे नपुंसकलिंगी रूप लागतं. भाऊ-बहिणी मिळून 'भावंडं'. इंग्रजीत 'सिब्लिंग' आहे, पण हाक मारायला तो कोरडा पडतो.

दोरीवाला: बदलाचं सांगतो. विधी आणि राष्ट्रीय नियमावलीतले शब्द चॅप्टरच्या, म्हणजे कॉलेजातल्या स्थानिक शाखेच्या, हातात नसतात. तो ठराव राष्ट्रीय अधिवेशनात न्यावा लागतो. चॅप्टरचे बायलॉज (अंतर्गत नियम) मात्र तुमचेच. तिथे 'चेअरमन'चं 'चेअर' करा, इंग्रजी 'ही'च्या (he) जागी 'दे' (they) घाला. रॉबर्ट्स रूल्स या सभा-नियमांच्या पुस्तकातल्या रिवाजाप्रमाणे बायलॉज बदलायला पूर्वसूचना आणि दोन तृतीयांश मतं लागतात. सूचनेत जुनं वाक्य आणि नवं वाक्य शेजारी-शेजारी छापा. नुसतं 'भाषा सुधारावी' असं लिहिलं, तर सभेत तास जातो आणि ठराव पुढे ढकलला जातो.

मत अजमावताना हात वर करायला लावू नका. सीनिअरांसमोर नवी मुलगी 'मला खटकतं' म्हणणार नाही. निनावी चिठ्ठीवर नेमकं विचारा: मागच्या ३ सभांची मिनिट्स (इतिवृत्त) कोणी लिहिली? सामान कोणी उचललं? बोलताना कोणाला मध्येच तोडलं?

रानवाट: म्हणजे 'ब्रदर'ला हात न लावता आधी मिनिट्सची पाळी लावायची?

दोरीवाला: हो, आडनावांच्या अकारविल्ह्यानुसार. त्याला ठरावही बहुधा लागत नाही, सेक्रेटरीने यादी लावली की झालं.