शिमग्याला अख्खा गाव, ग्रामसभेला कोण?

खाडीकाठचा: आमच्या कोकणात शिमग्याला पालखी नाचवायला सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, माणूस मावत नाही. वाडीचे पैसे एकाच्या घरच्या ट्रंकेत असतात, पावती कोणी मागत नाही, इतका विश्वास. ग्रामसभेला मात्र 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल तेवढेही जमत नाहीत. मग सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, म्हणजे चार टाळकी बसून वर्षाचा आराखडा मंजूर! पुटनाम या अमेरिकन अभ्यासकाला इटलीत दिसलं, की जिथे गायनमंडळं, फुटबॉल क्लब जास्त, तिथला प्रादेशिक कारभार चांगला. आमच्याकडे नमनाची, म्हणजे लोकनाट्याची मंडळं आहेत, भजनी मंडळं आहेत, क्रिकेटचे संघ तर वाडीगणिक. घोडं अडतं कुठे?

सड्यावरून: नाही पटलं. पाऊस सरला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वहाळाला बंधारा कोण घालतं? साकव, म्हणजे वहाळावरचा छोटा पूल, वाहून गेला तर माडाचे ओंडके कोण आडवे टाकतं? हा सहभाग नव्हे? ठरावाचा कागद तालुक्याला जातो नि तिथेच झोपतो. लोक काम होतं तिथे जातात. आणि आपली जमीन जायची वेळ आली की सभाही भरते. नाणारच्या रिफायनरीविरुद्ध ग्रामसभांनी ठराव केले, मार्च 2019 मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली.

माहेर रायगड: त्या ट्रंकेचा हिशेब एकदा मागून बघा, मग विश्वास कळेल. आमच्या नात्यातल्या एकाने मागितला. त्याच्या मुलीच्या लग्नाला वाडीतून एक माणूस फिरकला नाही, जेवणाची पातेली तशीच राहिली. वाळीत टाकणं थांबवायला राज्याला 2016 चा कायदा करावा लागला, तो काय उगाच? आणि देवळातल्या बैठकीत बायका असतात का हो? ग्रामसभेच्या आधी निदान महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. कागदावर का होईना.

सड्यावरून: ताई, चार गावगुंडांवरून सगळी गावकी मोडीत काढू नका.

माहेर रायगड: गुंड नव्हते. मानकरी होते.

खाडीकाठचा: मला वाटतं, आपला भरवसा वाडीच्या गडग्यापाशी संपतो. बंधारा घालतो तो आपल्या वहाळाला. पलीकडच्या वाडीच्या नळाचा विषय निघाला की आपण चपला शोधायला लागतो. ग्रामसभेत नेमकं त्याच वाडीशेजारी बसावं लागतं.

परळचा चाकरमानी: सभा 26 जानेवारी, 1 मेला ठेवता. गणपतीत ठेवा, आम्ही शंभर जण येतो.

सड्यावरून: या की. पण मतदार यादीत नाव कुठलं, गावचं की परळचं?