पासवर्डची तिजोरी सर्व्हरवरच असावी का?

धागाकर्ता
आमच्या चौघांच्या गटाकडे सात सर्व्हर आहेत आणि त्यांचे पासवर्ड परवापर्यंत एका एक्सेल फाइलमध्ये होते. मागच्या महिन्यात मी त्यांतल्या एका डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर 'पास' हा कमांड लाइनवरचा पासवर्ड मॅनेजर बसवला. जेसन डोनेनफेल्ड यांची ही मुळात एक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सच्या आज्ञांची फाइल आहे. ती प्रत्येक पासवर्ड जीपीजी या किल्ल्यांवर चालणाऱ्या साधनाने कूटबद्ध करून स्वतंत्र फाइलमध्ये ठेवते आणि सांगितल्यास प्रत्येक बदल गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात नोंदवते. एक समाईक खाते, एक किल्ली आणि चौघांना ठाऊक असलेला एक सांकेतिक वाक्यांश, एवढ्यावर काम भागते. छोट्या गटाने यापलीकडे जाऊ नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
मत पटले नाही. कुलूप आणि किल्ली तुम्ही एकाच खुंटीला टांगली आहे. त्या सर्व्हरवर ज्याला रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा प्रवेश मिळेल त्याला वाक्यांश फोडत बसण्याची गरजच नाही, कारण जीपीजी एजंट हा मागे चालू असणारा प्रोग्राम एकदा दिलेला वाक्यांश मूळ मांडणीत 10 मिनिटे आणि वापर चालू राहिल्यास 2 तासांपर्यंत स्मरणात ठेवतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्याकरवी सगळी तिजोरी उघडून घेता येते. शिवाय फाइलींची नावे कूटबद्ध होत नाहीत, म्हणजे कुठल्या बँकेत खाते आहे हे नुसत्या फोल्डरवरूनच कळते. सर्व्हरवर फक्त गिटचे भांडार ठेवा आणि खाजगी किल्ली (फाइल उघडणारी) ज्याची त्याच्या लॅपटॉपवर राहू द्या. 'पास इनिट' या आज्ञेने तिजोरी मांडताना चौघांच्याही किल्लीची ओळख दिली की प्रत्येक फाइल चौघांनाही उघडता येते.

धागाकर्ता
कागदावर हे उत्तम आहे. पण रात्री दोन वाजता डेटाबेस बंद पडतो तेव्हा लॅपटॉप घरी आणि माणूस एसटीत असतो. मोबाइलवरून एसएसएच करून, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरून पासवर्ड पाहता येणे ही सोय मी सोडणार नाही.

प्रतिसाद २
मी तीन वर्षे चार किल्ल्यांची पद्धत सांभाळली आहे, म्हणून तिची कटकटही सांगतो. एका सकाळी नवा पासवर्ड नोंदवताना 'अनयूजेबल पब्लिक की' (सार्वजनिक किल्ली वापरण्याजोगी नाही) असा संदेश आला. जुने सगळे वाचता येत होते, लिहिता मात्र काहीच येत नव्हते. एका सहकाऱ्याच्या किल्लीची मुदत संपली होती आणि त्यामुळे चौघांचेही लिहिणे थांबले होते. त्याने मुदत वाढवली, तरी अडचण तशीच राहिली, कारण मुख्य किल्लीची मुदत वाढवून तो तिच्याखालच्या, प्रत्यक्ष कूटबद्ध करण्यासाठीच्या उपकिल्लीला विसरला होता. तीही वाढवून झाल्यावर नवी सार्वजनिक किल्ली (इतरांना कूटबद्ध करण्यासाठी दिलेली) बाकी तिघांनी आपापल्या यंत्रावर आयात करेपर्यंत अर्धा दिवस गेला.

तरीही मी प्रतिसाद १ च्याच बाजूचा आहे. समाईक खात्यात गिटच्या नोंदीवर एकच नाव उमटते, त्यामुळे पासवर्ड कोणी बदलला हे कधीच कळत नाही. आणि क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट वाक्यांशासाठी अडली की कोणीतरी किल्लीवरचा वाक्यांशच काढून टाकतो. मग तुमची जुनी एक्सेल फाइल काय वाईट होती?

धागाकर्ता
क्रॉनचा मुद्दा वर्मी लागला. ती चूक आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात झाली आहे आणि ती आजच निस्तरतो. पण गटातून माणूस गेल्यावर काय? तुमच्या पद्धतीत त्याची ओळख काढून सगळ्या फाइली पुन्हा कूटबद्ध होतात, पण गिटच्या जुन्या इतिहासातल्या फाइली त्याच्या किल्लीने उघडतच राहतात. म्हणजे मूळ पासवर्ड तुम्हालाही बदलावे लागतात, मलाही.

प्रतिसाद १
बरोबर, ते दोघांनाही चुकत नाही. फरक इतकाच की तुमचा सर्व्हर फुटला तर सातही सर्व्हरचे पासवर्ड बदलावे लागतील, आणि तेही माणूस एसटीत असताना. जाता जाता एक विचारतो: बॅकअपमध्ये पासवर्डच्या फोल्डरसोबत किल्ली असलेले जीपीजीचे फोल्डरही घेता ना? 

धागाकर्ता
नाही. आता बघतो.