काडतुसाचा रनआउट मोजण्यात खरंच अर्थ आहे का?

डेन्व्हरकर (धागाकर्ता)
मित्राने कॉन्सेंट्रिसिटी गेज वापरायला दिलंय. काडतूस रोलरांवर आडवं ठेवून बोटाने फिरवायचं आणि गोळीच्या अंगाला डायलची टीप टेकवायची. काटा जेवढा हलेल तेवढी गोळी पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) मध्यरेषेवरून कललेली. याला म्हणतात रनआउट (धोनीवाला नव्हे).

६.५ क्रीडमूर रायफलची घरी भरलेली ५० काडतुसं दोन संध्याकाळी फिरवत बसलो. १-२ थाऊवाली (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एका डब्यात, ५-६ वाली दुसऱ्या. १०० यार्डांवर दोन्ही डब्यांतून पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप (एकाच नेमावरच्या भोकांचे पुंजके) मारले. नंतर कागद शेजारी ठेवले तर कुठला कुठल्या डब्याचा, मलाच ओळखता येईना. माझं मत झालं: निव्वळ वेळखाऊ वेड. तेवढा वेळ ट्रिगरवर घालवावा.

हजार_यार्ड
साफ असहमत. एका डब्यातून १५ गोळ्या मारून 'फरक दिसला नाही' एवढंच म्हणता येतं, 'फरक नाही' असं नाही. त्यात १०० यार्डांवर वारा नाही, काही नाही. मी एफ-क्लास (लांब पल्ल्याची रायफल स्पर्धा) मारतो. १००० यार्डांवर दहाचं वर्तुळ १० इंचांचं आणि आतलं एक्स ५ इंचांचं. ३ थाऊच्या वरचं काडतूस मी सायटरला (गुण न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या गोळ्यांना) टाकतो, रेकॉर्डला नाही. एखादी गोळी बाहेर गेली तर निदान काडतुसावर संशय नको.

डेन्व्हरकर
म्हणजे मनःशांतीसाठीच ना? मग मी तरी काय वेगळं म्हणतोय!

भोसरीचा_लेथ
दोघंही चुकीच्या टोकाला भांडताय. अण्णांचं भोसरीत वर्कशॉप होतं. लेथवरचा जॉब आउट (वाकडा) फिरायला लागला की पोरं हातोडी उचलायची आणि अण्णा ओरडायचे, "आधी चक (जॉब पकडणारा जबडा) बघ!" इथेही तेच. (आणि हो, काटा ४ थाऊ हलला म्हणजे मध्य २ थाऊच सरकलाय. पूर्ण फेरीत दुप्पट दिसतं.)

भरलेलं काडतूस शेवटी. आधी झाडलेली रिकामी पुंगळी नेकवर (गोळी धरणाऱ्या तोंडावर) मोजा, मग साइझ केल्यावर (डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणल्यावर), मग गोळी बसवल्यावर. माझ्या .३०८ च्या पुंगळ्या चेंबरमधून १ थाऊच्या आत यायच्या आणि साइझिंगनंतर ४. डायमधला एक्सपांडरचा (नेक आतून रुंद करणारा) मणी बाहेर येताना नेकला एका अंगाला ओढत होता. मणी काढला, नेक मँड्रेलने (सरळ गुळगुळीत दांड्याने) उघडायला लागलो, काटा दीडवर आला. नेकची भिंत एका बाजूला जाड असेल तर मात्र हेही पुरत नाही, नेक टर्न करावी (बाहेरून तासून सारखी करावी) लागते.

गोळी बसवताना बिघडत असेल तर गोळीचं नाक बघा. लांब नाकाची गोळी सीटिंग स्टेममध्ये (गोळी आत ढकलणाऱ्या दांडीच्या खोबणीत) नीट बसत नसेल तर तांब्यावर बारीक कडं उमटतं.

स्क्रूवाला
एवढा खटाटोप कशाला? माझ्या गेजला बाजूने स्क्रू आहे. वाकडी गोळी दाबली की सरळ. काटा शून्यावर.

भोसरीचा_लेथ
झाली हातोडी! काटा शून्यावर येतो, पण गोळी कशी सरळ झाली? नेक वाकवून. मग प्रत्येक काडतुसाची नेकची पकड वेगळी, ती कशाने मोजणार?

स्क्रूवाला
माझे ग्रुप तर सुधारलेत. बाकी चालू द्या.

रिमफायर_कोल्हापूर
आम्ही गंमत बघतोय. आमची .२२ रिमफायर, प्रायमिंग पुंगळीच्या कडेतच, त्यामुळे पुन्हा भरायचा प्रश्नच नाही. आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, ते रिमफायरवरच. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. तिथे कारखान्याच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट (एका खेपेत बनलेले गठ्ठे) मारून बघायचे आणि आपल्या बॅरलला मानवेल तो उचलायचा. एकाची बॅरल ज्या लॉटवर खूश, त्याच लॉटवर दुसऱ्याची रुसलेली.

हजार_यार्ड
तेही मोजणंच झालं की, फक्त कागदावर. डेन्व्हरकर, ५-६ च्या डब्यातली एखादी गोळी उपटून नाक बघितलंत का?

डेन्व्हरकर
आत्ता चार उपटल्या. दिव्याखाली धरल्या तर चारींना कडं आहे. मत अजून तेच आहे, पण गेज उद्या परत देत नाही.