उन्मळलेल्या आंब्यावरील सीतेची वेणी कशी हलवावी?

प्रश्न: सिंधुदुर्गातील आमच्या परसातला जुना आंबा वादळात पडला. त्यावर सीतेची वेणी या, झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडची तीन रोपे आहेत. ती शेजारच्या फणसावर सुरक्षित कशी न्यावीत?

उत्तर १: मुळे ओढून सोडवू नयेत. त्यांवरील पांढरट, स्पंजासारखे आवरणच पाणी शोषते, म्हणून मुळे जिला चिकटली आहेत ती साल किंवा फांदीचा तुकडाच करवतीने कापून घ्यावा आणि काथ्याने फणसाच्या खोडावर, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा बाजूला, जराही हलणार नाही असा बांधावा. माती, शेण काहीही लावू नये (हा मोह अनेकांना होतो). पावसाळ्यात नवी मुळे लवकर धरतात, हे आपले भाग्यच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सड्यावरचे (कातळाच्या पठारावरचे) पांढरी आमरी हे ऑर्किडही कुंडीत आणावे काय?

उत्तर २: कृपया आणू नये. सीतेची वेणी झाडावर वाढते, तर ही आमरी जमिनीतील कंदातून उगवते आणि तिचे जगणे तेथील मातीतल्या विशिष्ट बुरशीशी जोडलेले असल्याने कुंडीत ती सहसा टिकत नाही. आपल्या आंब्यावरील रोपे तशीही मेली असती; सड्यावरची मात्र सुखरूप आहेत.