टेकडीवर फुलांचं बी टाकायचंय, कोणतं टाकू?

पायवाट (प्रश्न): पुण्यात आमच्या सोसायटीमागे टेकडीचा उतार आहे. खाली राडारोडा, गाजर गवत, वर उघडा मुरूम. ऑनलाइन 'रानफुलं मिक्स'चं पाकीट मागवलंय. त्यात कॉसमॉस, झिनिया, झेंडू आहे. पहिल्या पावसाआधी टाकावं म्हणतो, फुलपाखरं येतील. चालेल ना?

रानतेरडा: कृपा करून टाकू नका. झिनिया, झेंडू कुंडीत लावा, कॉसमॉस तिथेही नको. तो मूळचा मेक्सिकोकडचा. गणपतीनंतर टेकड्यांवर नारिंगी-पिवळे पट्टे दिसतात ना, तो हाच. लोक फोटो काढतात, माझा जीव तुटतो. एकदा बी पडलं की दरवर्षी आपोआप येतो आणि आपल्या बुटक्या पावसाळी फुलांच्या डोक्यावरून वाढतो. त्यांना ऊनच मिळत नाही.

आधी एक पावसाळा नुसतं बघा. विशेषतः तो मुरूम. काळी मुसळीसारख्या वनस्पतींचे कंद उन्हाळाभर जमिनीखाली असतात. पहिल्या सरींनंतर वाकून पाहिलंत तर अगदी मातीला टेकलेलं सहा पाकळ्यांचं पिवळं फूल सापडेल. तिथे बाहेरची माती ओतू नका, जेसीबी तर नकोच. गाजर गवत मात्र फुलायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.

पायवाट: मग बी टाकायचंच नाही का? सोसायटीतली मुलं उत्साहात आहेत.

रानतेरडा: टाका की! पण राडारोडा उचललेल्या जागी, आणि त्याच टेकडीवरचं. तेरडा आणि कुर्डू घ्या. पावसाळा सरताना तेरड्याची बोंडं फुगतात. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते फटकन तडकतं, साल आत वळते आणि बी उडतं. म्हणून बोंड मुठीत धरूनच तोडायचं. मुलं यात रमतात. प्रत्येक झाडावरची थोडीच घ्या, बाकी तिथंच पडू द्या. बी सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवा, जूनमध्ये टाका. नर्सरीतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा नको.

सडा_सातारा: जागा कोणाची ते आधी बघा. वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय काहीच करू नका, बी गोळा करणंसुद्धा. आणि दिवाळीनंतर तिथलं गवत कुणी पेटवत असेल तर ते थांबवा.

पायवाट: पाकीट परत पाठवतोय. जूनपासून दर रविवारी मुलांना घेऊन जातो, जे उगवेल त्याचे फोटो इथे टाकेन. ओळखायला मदत करा.